जुनी गाडी सेल्फ घेत नाही, घेतला तर मिसिंग करते : सुटे भाग बदलण्याआधीची तपासणी

सातारा जिल्ह्यात जुनी गाडी सांभाळायची म्हणजे दोन टोकांची हवा सांभाळायची. जावळी-महाबळेश्वरकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बॉनेटखाली कायम ओल, आणि माण-खटावकडे एप्रिल-मे महिन्यात ऊन नि एअर फिल्टरमध्ये मूठभर माती. "सकाळी सेल्फच घेत नाही" आणि "चढाला झटके मारते" या दोन तक्रारी त्यामुळे इथल्या गॅरेजवाल्यांना पाठ आहेत. त्यावरचा उपायही बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. आधी बॅटरी बदला, मग सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर), मग प्लग, मग प्लग वायरी, मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). चार-पाच वस्तू बदलल्यावर गाडी सुरळीत होते, पण नेमकं काय गेलं होतं हे मालकालाही कळत नाही नि मिस्त्रीलाही.

पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत एखादा भाग जाण्याआधी त्या भागाकडे येणारी जोडणी गेलेली असते. निदान माझ्या पाहण्यात तरी दहातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ टर्मिनल, अर्थची पट्टी (बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-बॉडीला जाणारी जाड वायर), नाहीतर एखादा सैल कनेक्टर इथेच निघतं. आणि सेल्फ नि मिसिंग (एखादं सिलिंडर मधूनच पेट न घेणं, म्हणजेच ते झटके) हे दोन वेगळे आजार वाटले तरी कधीकधी दोघांचं मूळ एकच असतं. म्हणून आधी ऐकायचं, मग मोजायचं, आणि मगच पाना हातात घ्यायचा.

हे सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे : ८००, ओम्नी, झेन, अल्टो, वॅगनआर, सँट्रो आणि त्यांच्या वयाच्या इतर. पद्मिनी-अँबॅसिडर अजून कुणाकडे असेल तर त्यांनाही लागू पडतं. डिझेलवाल्यांनी सेल्फपर्यंतचा भाग वाचावा, पुढचा त्यांच्या कामाचा नाही.

सामान फार लागत नाही

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, १० आणि १२ नंबरचे पाने, प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पत्र्या), बारीक पॉलिश पेपर, टॉर्च, हातभर रबरी नळी आणि चालू स्थितीतला एक जुना प्लग. किल्ली फिरवायला घरातलं एखादं माणूस लागेल.

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, चाकामागे दगड. बाही, ओढणी, मफलर पंख्याच्या नि बेल्टच्या आसपास नको. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे तिच्यावर वाकून विडी-सिगारेट ओढू नका. प्लग वायरीत हजारो व्होल्ट असतात. चालू इंजिनावर ती हाताने उपटायची नाही. तुम्हाला झटका बसेल, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मॉड्यूलही जाईल.

किल्ली फिरवली की काय ऐकू येतं?

निम्मं निदान इथेच होतं. घाईने पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्याआधी हेडलाइट लावा आणि मग किल्ली फिरवा.

लाइट जवळजवळ विझला आणि "टक-टक-टक-टक" असा भरभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल धरत नाही. लाइट तसाच प्रखर राहिला आणि एकच "टक" झाला, तर सोलेनॉइडपर्यंत (सेल्फवरच्या विजेच्या स्विचपर्यंत) करंट पोचतोय, पुढे सेल्फची मोटर फिरत नाही. लाइट प्रखर आणि आवाजच नाही, तर इग्निशन स्विच, फ्यूज, रिले किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर. सेल्फ "घर्रर्र" करून नुसताच भरधाव फिरतो आणि इंजिन जागचं हलत नाही, तर बेंडिक्सचा पिनिअन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) इंजिनाच्या फ्लायव्हील रिंगमध्ये बसत नाही. आणि इंजिन फिरतंय, पण नेहमीपेक्षा हलकं, धाप न लागता सरळ फिरतंय असं वाटलं, तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे, आणि काही इंजिनांत अशा वेळी सेल्फ मारत राहिलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

डॅशवर किल्लीचं किंवा गाडीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघा. सेल्फ उतरवण्याची गरज नाही.

बॅटरी : आकडा बघा, वय नको

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर लावा. १२.६ म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या वर टिकलं पाहिजे. उभ्या गाडीत १२.६ आणि सेल्फला लगेच ८ वर कोसळते, ती बॅटरी आतून संपली आहे, मग ती दोन वर्षांची का असेना.

गाडी सुरू झाल्यावर तिथेच पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर ठीक. १२.४ वर अडकलं असेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, चार दिवसांत तीही उतरेल. आधी बेल्ट सैल आहे का बघा, मग अल्टरनेटर.

दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायची असेल तर क्रम असा : लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या टोकाला ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ नको एवढंच. धक्का मारून सुरू करणं हा सपाट रस्त्यावरचा उपाय आहे. घाटात उतारावर सोडून गिअरात पकडवायची सवय वाईट. इंजिन बंद असताना ब्रेकला बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची) मदत नसते, पेडल दगडासारखं घट्ट होतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) असलेल्या गाडीत तर धक्का देताना न जळलेलं पेट्रोल सरळ त्यात जातं.

जोडण्या : इथे वेळ घाला

बॅटरी चांगली, पण सेल्फ मंद. अशा वेळी नव्वद टक्के लोक सेल्फ उतरवतात. टाकी भरलेली असून नळाला करंगळीएवढी धार येत असेल तर नळ बदलून काय होणार, आधी पाइप बघायला हवा. सेल्फ शंभर अँपिअरच्या घरात करंट खेचतो, कधी त्याहून जास्त. एवढ्या करंटला जोडणीतला किरकोळ अडथळाही पुरतो. तो डोळ्यांनी दिसत नाही, ओममीटरवरही दिसत नाही, कारण बिन-ओझ्याचं मोजमाप ठीकच येतं. तो दिसतो सेल्फ फिरत असताना.

आधी गाडी सुरू होणार नाही अशी सोय करा : कार्ब्युरेटरवाल्या गाडीत इग्निशन कॉइलची प्लसची बारीक वायर काढा, एमपीएफआयमध्ये (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत) फ्युएल पंपाचा फ्यूज. मग साथीदाराला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगत तीन ठिकाणी मोजा.

१. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लस खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटावर), दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर प्लस केबल, तिचं टोक किंवा क्लॅम्प खराब.

२. एक सुई बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरी इंजिनाच्या घासून चकाकवलेल्या लोखंडावर. इथे ०.२ च्या वर गेलं की अर्थ खराब.

३. एक सुई इंजिनावर, दुसरी बॉडीवर. इथेही तेवढंच.

मीटरवर उणे चिन्ह आलं तर घाबरू नका, सुया उलट लागल्या आहेत. सेल्फ दहा सेकंदांच्या वर सलग मारू नका, मध्ये अर्धा मिनिट तरी विश्रांती द्या.

दुसऱ्या मोजमापात दोष निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त. अर्थची पट्टी बहुतेक छोट्या गाड्यांत बॅटरीच्या ट्रेखालून निघून गिअरबॉक्सच्या एखाद्या बोल्टवर जाते. तो बोल्ट सोडून बघा. वॉशरखाली रंगाचा पापुद्रा, त्यावर तेलकट काळा थर, आणि तांब्याच्या तारा टोकात दाबल्या आहेत त्या जागी हिरवट भुकटी. वरचं प्लास्टिक धड दिसतं, पण दोन बोटांत धरून वाकवलं की आतून करकर जाणवते, म्हणजे तारा तुटत आल्या आहेत. टोक पॉलिश पेपरने लाल तांबं दिसेपर्यंत घासा, बोल्टखालची जागाही घासा, आवळा, आणि आवळल्यानंतर वरून ग्रीसचा हात फिरवा. तारा तुटल्या असतील तर पट्टी नवीनच टाका. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ती सहज मिळते आणि सेल्फच्या मानाने तिची किंमत चहापाण्याची.

ही पट्टी कमजोर झाली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे क्लच किंवा अॅक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारल्यावर क्लच केबल गरम लागते, काही दिवसांत ती जड चालायला लागते आणि लोक केबल बदलतात! याच अर्थवर इग्निशन आणि एमपीएफआय गाडीचा कॉम्प्युटरही अवलंबून असतो. त्यामुळे अर्थ खराब असलेली गाडी सेल्फला रडते आणि सुरू झाल्यावर अधूनमधून झटकेही देते. दोन तक्रारी एकत्र आल्या की पहिला हात इथे.

बॅटरीच्या खुंटांवरची पांढरी-निळी बुरशी गरम पाण्याने धुवून निघते. धुताना पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, आणि टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.

आता सेल्फ स्वतः

जोडण्यांचे आकडे बरोबर आले, तरच इकडे वळा. सोलेनॉइडवर एक बारीक वायर येते. साथीदाराने किल्ली स्टार्टला धरली असताना तिथे १० च्या वर व्होल्टेज आलं पाहिजे. तिथे ७-८ च येत असेल तर दोष इग्निशन स्विचच्या झिजलेल्या पॉइंटांत किंवा वाटेतल्या कनेक्टरात. जुन्या गाड्यांना अशा वेळी वेगळा रिले लावून घेणं हा चांगला आणि टिकाऊ उपाय. कुठलाही बरा ऑटो इलेक्ट्रिशियन तासाभरात करतो.

बारीक वायरीवर पुरेसं व्होल्टेज, जाड बोल्टवर पुरेसं व्होल्टेज, तरी एकच "टक". मग सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकत किल्ली फिरवायला सांगा. ठोकल्यावर फिरला तर कार्बन ब्रश झिजलेत. हा त्या दिवशी घरी पोचण्यापुरता उपाय, उद्या पुन्हा तेच होणार. गाडी गार असताना सेल्फ झकास आणि लांबून आल्यावर चहाला थांबून निघताना मंद, तर बहुतेक बुश (दांड्याचा आधार) झिजून आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) आत घासतंय, नाहीतर सोलेनॉइड गरम झाल्यावर दगा देतोय.

सेल्फ उतरवल्यावर लगेच नवीन घेऊ नका. ब्रश, बुश, सोलेनॉइड हे तिन्ही सुटे मिळतात. आर्मेचरचा कम्युटेटर (ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) जळून खड्डे पडले असतील किंवा वाइंडिंग काळं पडून जळका वास येत असेल तरच नवा. पिनिअनचे दात बघताना फ्लायव्हील रिंगचेही दात टॉर्च मारून बघा, इंजिन हाताने थोडं थोडं फिरवून पूर्ण वेढा. इंजिन बंद होताना दोन-तीन ठरावीक जागीच थांबतं, त्यामुळे रिंग तेवढ्याच जागी खाल्ली जाते. "कधी घेतो, कधी नुसता खर्रर्र" या तक्रारीचं कारण हेच. वाटेत तसं झालं तर इग्निशन बंद करून चौथ्या गिअरात टाकून गाडी हातभर पुढे ढकला. दात बदलतो आणि सेल्फ घेतो.

एक ताकीद. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारायचाच नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीच्या सिलिंडरात पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीचा मायनस काढा, प्लग सगळे काढा, ऑइल बघा. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं की पुढचं काम गॅरेजातच.

सेल्फ जोरात, पण इंजिन पेट घेत नाही

कार्ब्युरेटर गाडी थंड असेल तर चोक ओढलाय ना? आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय : अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. एमपीएफआय गाडीतही हीच युक्ती चालते, कारण पेडल पूर्ण दाबलेलं असताना सेल्फ मारला की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर पेट्रोल थांबवतो.

एमपीएफआयमध्ये किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद "हूंऽऽ" असा पंपाचा आवाज यायला हवा. नसेल तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने. आवाज आहे, पेट्रोल आहे, तर ठिणगी. जुना चालू प्लग प्लग वायरीत घाला, त्याचं लोखंडी अंग इंजिनाला नीट टेकवा (प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते) आणि सेल्फ मारायला सांगा. जाड, निळसर, चटचट आवाजाची ठिणगी हवी. बारीक पिवळी ठिणगी म्हणजे नसल्यातच जमा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत प्लग कॉइलमध्येच घालून हेच करता येतं.

गाडी सेल्फ मारताना पेट घेत नाही, पण किल्ली सोडता सोडता नेमकी पकडते, असं होत असेल तर प्लगला दोष देऊ नका. सेल्फ व्होल्टेज इतकं खाली ओढतोय की कॉइलला पुरेसं मिळत नाही, आणि किल्ली सुटताच व्होल्टेज वर येऊन ठिणगी पडते. परत बॅटरी आणि जोडण्यांच्या भागाकडे.

मिसिंग : कधी करते?

मिस्त्रीला "मिसिंग करते" एवढंच सांगितलं तर त्याच्या हातात काहीच लागत नाही. कधी करते ते आधी ठरवा.

थंड इंजिनावर करते, गरम झाल्यावर थांबते : हवेची गळती, चोक, टेंपरेचर सेन्सर. थंड ठीक आणि गरम झाल्यावर बिघडते, कधी बंदच पडते नि वीस मिनिटांनी काही न झाल्यासारखी सुरू होते : कॉइल, कंडेन्सर किंवा क्रँक सेन्सर (इंजिनाच्या फिरण्याची खबर कॉम्प्युटरला देणारा). फक्त आयडलला थरथरते आणि वेगात ठीक : हवेची गळती किंवा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) फार आवळलेले. फक्त चढाला, ओझ्याला झटके : ठिणगी कमजोर किंवा पेट्रोल कमी पडतंय. फक्त पावसात : प्लग वायरी आणि डिस्ट्रिब्युटर कॅप (ठिणगी प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागाचं झाकण), दुसरीकडे बघूच नका.

ओझ्याची चाचणी घ्यायला साताऱ्यात यवतेश्वरचा घाट सोयीचा. समर्थ मंदिराच्या बाजूने वर लागलात की तिसऱ्या गिअरात, कमी वेगात, अर्धा अॅक्सिलरेटर देऊन बघा, अर्थात मागे रहदारी नसताना. सिलिंडरात दाब जास्त असला की ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं. सपाटीला लपलेली कमजोर कॉइल किंवा भेगाळलेली वायर इथे उघडी पडते. कार्ब्युरेटरवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, कार्ब्युरेटर पेट्रोल तेवढंच सोडतो, त्यामुळे मिश्रण थोडं घट्ट होतं आणि गाडी जराशी जड वाटते. तो बिघाड नव्हे. वर जाऊन स्क्रू फिरवून घेतला तर साताऱ्यात उतरल्यावर गाडी तडतडते.

कुठलं सिलिंडर?

एमपीएफआय गाडीत इंजिन आयडलवर ठेवून एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि परत लावा. काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर ते सिलिंडर काम करतंय. काढूनही काहीच फरक पडला नाही, तर गुन्हेगार तेच. कार्ब्युरेटर गाडीत इंजिन बंद करून एक प्लग वायर काढायची, तिच्यात जुना प्लग घालून तो अर्थला पक्का बांधायचा, मग इंजिन सुरू करून ऐकायचं. वेळखाऊ आहे, पण झटका बसत नाही.

सिलिंडर सापडलं की अदलाबदल. ही चाचणी फुकटची आहे आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीची. एक नंबर मिसिंग करतोय ना, मग त्याचा प्लग दोनला आणि दोनचा एकला लावा. मिसिंग दोनकडे गेली तर प्लग. नाही गेली तर वायरींची अदलाबदल करा, मग स्वतंत्र कॉइल असेल तर कॉइल, मग इंजेक्टर. एका वेळी एकच वस्तू. काहीच हललं नाही, तर दोष त्या सिलिंडरच्या आत आहे. काही चार सिलिंडरच्या गाड्यांत दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल असते, १ आणि ४ ला एक, २ आणि ३ ला एक. अशी जोडीच्या जोडी मेली तर सरळ कॉइल बघा.

वायरी काढल्या की क्रमाने लावा, खूणचिठ्ठी करून ठेवा. ८०० च्या तीन सिलिंडरचा फायरिंग ऑर्डर (ठिणगीचा क्रम) १-३-२ आहे, चार सिलिंडरच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा १-३-४-२. दोन वायरी उलट लागल्या तर गाडी फटाके फोडते, आणि मग नवीनच बिघाड शोधत बसावं लागतं.

२०१३ नंतरच्या गाडीला ओबीडी-२ स्कॅनर (कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) जोडता येतो, काही आधीच्या गाड्यांनाही. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची मिसिंग, पी०३०२ दुसऱ्याची, पी०३०० म्हणजे ठराविक एकाची नव्हे. स्कॅनर कुठे दुखतं ते सांगतो, का ते सांगत नाही. अदलाबदल तरीही करावीच लागते. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलाय तोवर हळू घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर अॅक्सिलरेटर सोडा, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळून टाकतं.

ठिणगीचा रस्ता

प्लग इंजिन गार झाल्यावरच काढा, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे निघून येतात. काढण्याआधी भोवतीची माती फुंकून टाका. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. ओला तेलकट काळा म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त किंवा प्लगच चुकीचा. गॅप फीलर गेजने मोजा. पॉइंटच्या (यांत्रिक स्विचने ठिणगी पाडणाऱ्या जुन्या) गाड्यांना साधारण ०.७ ते ०.८ मिमी, एमपीएफआयला बहुतेक १.० ते १.१, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा खरा. बसवताना सुरुवातीचे आटे हाताच्या बोटांनीच.

पावसात मिसिंग करणाऱ्या गाडीची चाचणी रात्री करा. अंगणातला दिवा मालवा, इंजिन चालू, बॉनेट उघडं, आणि फवाऱ्याच्या बाटलीने प्लग वायरींवर, कॅपवर पाण्याचं अगदी बारीक तुषार मारा. फुटलेल्या वायरीवरून इंजिनाकडे निळसर सुतासारख्या ठिणग्या पळताना दिसतात, कॅपला भेग असेल तर कॅपवरच. हात लांब ठेवा. वेण्णा तलावाच्या आसपास धुक्यात गाडी उभी केली की सकाळी हा फवारा आपोआपच बसलेला असतो, म्हणून तिथल्या गाड्या सकाळी रडतात. तेवढ्यापुरतं करायचं तर कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका खुंटापासून दुसऱ्याकडे गेलेली दिसली, तर कॅप बदला. ती रेघ घासून जात नाही. कॅपसोबत रोटरही (कॅपच्या आत फिरणारा तुकडा).

पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमीच्या घरात ठेवा. पॉइंट वारंवार जळून काळा पडत असेल तर नुसता पॉइंट बदलू नका, कंडेन्सर बदला.

पेट्रोल, हवा आणि गॅस

गाडीत सीएनजी किंवा एलपीजी असेल तर अर्धं निदान एका बटणावर होतं. गॅसवर मिसिंग, पेट्रोलवर ठीक : आधी प्लग आणि कॉइल बघा, कारण गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते, म्हणूनच गॅस किटवाले प्लगचा गॅप थोडा कमी ठेवतात. मग गॅस फिल्टर आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा). पेट्रोलवर मिसिंग, गॅसवर ठीक : महिनोन् महिने पेट्रोल न वापरल्याने इंजेक्टर चिकटलेत. दोन्हींवर सारखीच : ठिणगी, हवेची गळती नाहीतर यांत्रिक भाग.

पेट्रोलचं म्हणाल तर २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण यायला लागलं. सातारा-सांगलीच्या साखरपट्ट्याला यात आनंदच आहे, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर मऊ करतं. नळी दाबून बघा. चिकट, फुगलेली किंवा भेगाळलेली असली तर बदला, आणि टाकीच्या तळाचा गाळ सुटून येतो म्हणून फिल्टरही बदला. महिनोन् महिने शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आधी रिकामी करा. शेतघरावर उभी असेल तर वायरिंगही बघा, उंदरांना इंजेक्टरच्या वायरी फार आवडतात.

उन्हाळ्यात म्हसवड-दहिवडीकडे दुपारी कार्ब्युरेटर गाडी झटके मारत बंद पडली नि अर्ध्या तासाने सुरू झाली, तर नळीत पेट्रोलची वाफ झाली आहे. मेकॅनिकल पंपावर ओलं फडकं ठेवा, पंपावरची उष्णतारोधक पत्री जागेवर आहे का बघा.

हवेच्या गळतीसाठी रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळीच्या) सांध्यांवरून, व्हॅक्यूम नळ्यांवरून फिरवा. "स्सस्" लगेच सापडतो. कार्ब क्लीनर फवारून शोधायची पद्धत गॅरेजात चालते, पण गरम इंजिनावर ती आगीशी मस्ती आहे, पाण्याचा फवाराही तेच सांगतो. ब्रेक बूस्टरची नळी चिमटीत दाबल्यावर आयडल सुधारलं तर बूस्टरच गळतोय. तो मात्र आजच्या आज दुरुस्त करायचा, मिसिंगसाठी नव्हे, ब्रेकसाठी.

शेवटी इंजिनाच्या आत

ठिणगी, पेट्रोल, हवा सगळं ठीक आणि तरी तेच सिलिंडर मेलेलं. आता टॅपेट आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब). गॅसवर चालणाऱ्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजत जाते आणि टॅपेटचा गॅप कमी होत होत संपतो. टॅपेट वाजत नाहीत म्हणून मालक खूश असतो, आणि तिकडे व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसल्याने जळत असतो. म्हणून गॅसवाल्यांनी टॅपेट आवाज यायची वाट न पाहता तपासून घ्यावेत.

कॉम्प्रेशन गेज गॅरेजात असतंच. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, चार-पाच फेरे. आकडे लिहून घ्या. १५० पीएसआयच्या आसपास किंवा वर आणि सगळे जवळजवळ सारखे, तर इंजिन निरोगी. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १५ टक्क्यांहून मोठा फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंग. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारची दोन सिलिंडरं एकदम कमी असतील तर बहुतेक हेड गॅस्केट, मग रेडिएटरमधलं पाणीही कमी होतंय का बघा.

व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट असेल तर जुन्या गाडीला तो खर्च करायला माझी हरकत नाही, हेड उतरवून काम होतं आणि गाडी पुढे बरीच वर्षं चालते. सगळ्याच सिलिंडरांच्या रिंगा गेल्या असतील तर हिशोब करावा लागतो. एमएच ११ ची पंधरा वर्षं भरत आली असतील तर आरटीओत फेरनोंदणीआधीच हे मोजून घ्या. मिसिंग करणाऱ्या गाडीचं न जळलेलं पेट्रोल पीयूसीच्या कागदावर एचसीच्या (हायड्रोकार्बनच्या) रकान्यात जास्त दिसतं, त्यामुळे मागच्या दोन-तीन पीयूसीचे कागद काढून तो आकडा चढत गेलाय का तेही बघा. चढत गेला असेल तर ते कागद आणि कॉम्प्रेशनचे आकडे मिस्त्रीसमोर ठेवूनच खर्चाचा अंदाज घ्या.